बारा हजार तीनशे ब्याण्णव

मंडळाच्या या अंकाचा विषय ‘माझं गाव’ असा ठरला, तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये मी हात वर करून सांगितलं होतं की मला गाव नाही. जन्म बडोद्याचा, शाळा बडोद्याची, उत्तरायणाला पतंग, नवरात्रात गरबा, रविवारी सकाळी सेवउसळ. कुठल्याही फॉर्मवर ‘मूळ गाव’ असा रकाना आला की पप्पा सांगतात ‘वेंगुर्ले’, आणि इंग्रजीत लिहायचं असेल तर मी दर वेळी वेगळं स्पेलिंग करते. लहानपणी दोनदा गेले होते म्हणे. त्यातलं एवढंच आठवतं की समुद्रात चप्पल वाहून गेली आणि मी रडले.

मीटिंग जुलैत झाली. नोव्हेंबरात मला तिकडे जावं लागलं, म्हणून हा लेख. आधीच सांगून ठेवते, निसर्गवर्णन फारसं नाही. समुद्र छान आहे.

वेंगुर्ल्यात आमची अक्काआजी राहते. माझ्या आजोबांची थोरली बहीण. आजोबा तिला अक्का म्हणायचे, म्हणून आमची अक्काआजी. वय एक्क्याऐंशी. लग्न केलं नाही, प्राथमिक शाळेत शिकवायची, रिटायर होऊन वीस वर्षांवर झाली. गणपतीच्या आधी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि डावं मनगट मोडलं. आम्हाला हे कळलं आठ दिवसांनी, तेही शेजारच्या वहिनींनी फोन केला म्हणून. पप्पांनी त्याच रात्री जाहीर केलं की आता बस झालं, अक्काला बडोद्याला आणायचं, घर बंद करायचं, पुढचं पुढे बघू. ‘पुढचं’ म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. पप्पांना रजा नव्हती, आईची शाळा सुरू झाली होती, आणि माझी सेमिस्टरची परीक्षा नुकतीच संपली होती. जातानाचं एक तिकीट आणि येतानाची दोन, त्यातलं एक लोअर बर्थ, असं बुकिंग झालं.

गाडीत मोबाईलवर रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं गॅझेटियर वाचत होते. ते नेटवर फुकट मिळतं, इंग्रजी जुनं आहे पण समजतं. वाचायला घेतलं ते अंकासाठी, आणि खरं सांगायचं तर जरा लाज वाटली म्हणूनही. आपल्या मूळ गावाबद्दल आपल्याला काय माहीत, तर मंगेश पाडगावकर तिथे जन्मले, आणि तेसुद्धा स्पर्धेसाठी पाठ केलेलं.

वाचता वाचता डोळे मोठे झाले. सतराव्या शतकात युरोपातले प्रवासी या गावाला ‘मिंग्रेला’ म्हणायचे. इथे गोडं पाणी आणि तांदूळ चांगला मिळायचा, म्हणून बटाव्हियाहून, सिलोनहून, बंगालहून येणारी आणि सुरतेला, होर्मुझला, बसऱ्याला जाणारी जहाजं इथे नांगर टाकत. म्हणजे आमच्या घरातलं पहिलं माणूस गुजरातेत यायच्या तीनशे वर्षं आधी वेंगुर्ल्याहून सुरतेची वाट होतीच, फक्त पाण्यावरून. १६३८ च्या सुमाराला डचांनी इथे वखार घातली. त्यांना गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायची होती, आणि जहाजांना रसद पुरवायला गोव्याच्या अगदी उंबऱ्यावर हे बंदर सापडलं. मग गाव दोनदा जळालं. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीत, १६७५ मध्ये मोगलांच्या. १६९६ मध्ये सावंतवाडीच्या खेम सावंतांनी घेतलं. १७७२ मध्ये इंग्रजांची वखार आली आणि १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून गावच इंग्रजांकडे गेलं.

इंग्रजांना पुढे ते उपयोगी पडलं बेळगावच्या छावणीसाठी. मुंबईहून सामान जहाजाने वेंगुर्ल्याला उतरायचं आणि आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांतून वर जायचं. आज आपण धबधबा बघायला जातो ते आंबोली या रस्त्यावरचा मुक्काम म्हणूनच वाढलं. घाटावरचा कापूस आणि धान्य खाली उतरे, इथून मीठ आणि नारळ वर जात. पुढे १८८० च्या दशकाच्या शेवटी गोव्याच्या मुरगाव बंदरापासून घाटावर रेल्वे गेली. मालाला सोपी वाट मिळाल्यावर तो बैलगाडीत कशाला बसेल?

आता आकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०१ च्या शिरगणतीत, वेंगुर्ल्याची लोकसंख्या १९ हजारांच्या घरात होती. त्याच वर्षी बडोदा शहराची होती १,०३,७९०. म्हणजे पाच वेंगुर्ली मिळून एक बडोदा. २०११ मध्ये बडोदा साडेसोळा लाखांच्या वर गेलं होतं आणि वेंगुर्ले होतं १२,३९२. मी दोनदा तपासलं. २००१ मध्ये १२,४७१. दहा वर्षांत एकोणऐंशी माणसं कमी. (१९०१ ची नगरपालिकेची हद्द आणि आजची हद्द तंतोतंत एकच असेल असं नाही, त्यामुळे शंभर वर्षांचा हिशोब थोडा इकडेतिकडे होईल. पण गाव वाढलं नाही, हे नक्की.) एकट्या वेंगुर्ल्याचंच असं नाही. आख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. महाराष्ट्रात त्या दहा वर्षांत लोक कमी झालेले जिल्हे तीनच. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि मुंबई शहर. पहिल्या दोघांची माणसं ज्या तिसऱ्यात जायची, तिथलीही आता कल्याण-विरारकडे चालली आहेत.

मूलंही कमी होतात, हे खरं आहे. पण सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ बायका आहेत हा आकडा पाहिला, की पुरुष कुठे आहेत हे विचारायची गरज पडत नाही.

कुडाळला उतरून एसटीने वेंगुर्ल्याला पोचले. अक्काआजी दारातच उभी होती, हाताला पट्टा.

“इलंस गो बाय? दमलंस?”

मी म्हणाले, नाही. पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि मदत करावी म्हणून म्हटलं, “दे, मी भाजी समारते.” ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खो खो हसली. बडोद्याच्या मराठीत आम्ही भाजी ‘समारतो’, हे गुजराती आहे हे मला तिथे, विसाव्या वर्षी, कळलं. पुढचे सगळे दिवस ती शेजारच्यांना हा किस्सा सांगत होती.

पहिले दोन दिवस मी बडोद्याचा विषय काढला नाही. तिच्याबरोबर बाजारात गेले, तिची औषधं आणली, एकटीने गाव बघून आले. डच वखारीची पडकी इमारत आहे, झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली. बंदरावर दुपारी कुणी नसतं. तिथून दूर समुद्रात खडकाळ बेटं दिसतात, नकाशावर त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. मांडवीच्या खाडीत बायकांचा बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो, तीही फेरी केली. मांडवी नाव ऐकून मला घरची आठवण झाली, कारण आमच्या जुन्या शहराच्या मधोमध मांडवीच आहे. मांडवी म्हणजे जकात घ्यायची जागा, हे अक्काआजीने सांगितलं. बडोद्यात समुद्र नाही, पण जकात होतीच की.

मिशनच्या हॉस्पिटलवरून गेलो तेव्हा ती म्हणाली, तुझा आजा इथे जन्मला. सेंट ल्यूक्स. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ते उभं केलं, आणि कित्येक वर्षं या किनाऱ्यावरच्या लोकांना आजारी पडलं की तेच एक नाव माहीत होतं. तिच्या आईला तिथल्या नर्सबाईंनी मराठी अक्षरं शिकवली, बाळंतपणाच्या दहा दिवसांत. ‘ग’ आणि ‘म’ एवढंच लक्षात राहिलं म्हणे.

आजोबा १९६८ च्या मे महिन्यात गेले. कोयलीची रिफायनरी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि बडोद्यात कुणीतरी ओळखीचे होते. त्या काळात मुंबईला जायचं तर बोट. ती धक्क्याला लागायची नाही, बाहेर उभी राहायची, आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणून जाणारे मेअखेर जायचे, आणि मग चार महिने पत्राशिवाय काही नाही. अक्काआजी, तिची आई आणि अर्धी वाडी बंदरावर आली होती. आई पडाव दिसेनासा झाल्यावरही तिथेच उभी होती, मग म्हणाली, चला, भात टाकायचा आहे. भाऊच्या धक्क्यावर उतरून आजोबांनी मुंबई सेंट्रलहून रात्रीची गाडी पकडली.

वेंगुर्ल्याचेच बॅरिस्टर नाथ पै कोकण रेल्वे हवी म्हणून लोकसभेत बोलत होते, ते याच काळात. ते १९७१ मध्ये गेले. रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये, आणि तीही वेंगुर्ल्यापासून दूर, कुडाळ-सावंतवाडीकडून गेली. माझं मत विचाराल तर रेल्वेने माणसं परत आणली नाहीत, जाणं सोपं केलं. अर्थात मला हे बोलायचा काय अधिकार, मीही त्याच रेल्वेने आले.

तिसऱ्या दिवशी रात्री मी विषय काढला. तिकीट दाखवलं. लोअर बर्थ आहे म्हटलं.

ती म्हणाली, “मोजणी जाय सर मी हंयच रवतलंय.”

मला कळेना, कसली मोजणी? जमिनीची? घराची? तर शिरगणती. २०२१ ची कोरोनामुळे झाली नाही, ती आता २०२७ मध्ये व्हायची आहे. मी हसले. मला वाटलं टाळायला काहीतरी सांगते आहे. पण ती गंभीर होती, आणि मग जे बोलली त्यासाठी खरं तर मी हा लेख लिहिते आहे.

शिरगणतीचं काम शिक्षकांना असतं, हे आपल्याला माहीत असतं. अक्काआजीने १९७१, १९८१ आणि १९९१ अशा तीन केल्या. घरोघर जायचं, घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, शिक्षण, मातृभाषा. १९८१ च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री बेघर लोक मोजायचे होते, तेव्हा ती आणि आणखी एक गुरुजी कंदील घेऊन बंदरावर गेले आणि होड्यांत झोपलेल्या खलाशांना उठवून उठवून नावं विचारली. एकाने नाव सांगितलं आणि परत झोपला, वय सांगेना. हे सगळं ती हसत हसत सांगत होती.

मग म्हणाली, सगळ्यात कठीण काय, तर मुंबईला गेलेल्यांच्या आया. नियम असा की माणूस जिथे राहतो तिथे त्याची मोजणी. जो मोजणीच्या सगळ्या दिवसांत गावात नाही, तो गावात लिहायचा नाही. पण प्रत्येक घरात एक बाई नावं सांगताना आधी न चुकता थोरल्या मुलाचं सांगायची. अक्काआजी विचारायची, कुठे असतो? गिरणीत. गोदीत. मग तो लिहायचा नाही, काकी. एका काकीने तिचा हातच धरला होता.

“लिव मगे माझ्या झिलाचा नाव. मुंबैक आसा म्हणान काय तो मेलो?”

अक्काआजीने तिला सांगितलं, लिहिलं हां काकी. आणि लिहिलं नाही. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. खोटं बोलणं सोपं होतं, कारण पुष्कळ बायकांना वाचता येत नव्हतं. “सांजेपर्यंत माका सवय झाली,” ती म्हणाली. १९७१ ला ती सत्तावीस वर्षांची होती. शेवटचं घर स्वतःचं. आई चुलीपुढे बसली होती. नाव, वय सगळं झाल्यावर आई म्हणाली, बाबल्याचं पण लिही. बाबल्या म्हणजे माझे आजोबा, तेव्हा बडोद्यात तीन वर्षं झालेले.

अक्काआजीने आईलाही सांगितलं, लिहिलं.

आईला ‘ग’ आणि ‘म’ येत होतं. तिने कागद मागून घेतला, उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला आणि परत दिला. काही बोलली नाही. तिने काय वाचलं असेल, असं मी विचारलं. अक्काआजी म्हणाली, वाचायला काय लागतं, ओळी मोजल्या असतील.

हे सांगून ती उठली आणि दूध तापवायला गेली. मी तशीच बसून राहिले. मला वाईट वाटलं, पण कोणासाठी ते ठरेना. नियम बरोबर होता. आजोबा बडोद्यात मोजले गेलेच असणार, कुठल्यातरी गुजराती मास्तरांनी त्यांचं नाव लिहिलं असेल. देशाच्या बेरजेत काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी वाद घातला. सरळ घातला. म्हटलं, तुला बडोद्यातही मोजतील. तर म्हणाली, “थंय सोळा लाख आसत मा? थंय एक वाडलो तर कोणाक कळतला?” मी म्हटलं, आणि इथे एक कमी झाला तर कुणाला कळणार? तिने बोटं मोडून आमच्या गल्लीतली बंद घरं सांगायला सुरुवात केली. हे, ते, त्याच्या पलीकडचं, विहिरीजवळची दोन. सात. गणपतीत उघडतात, मे महिन्यात काही उघडतात, एरवी कुलूप. आमचं धरलं तर आठ.

मी म्हटलं, परत पडलीस तर? यावर ती गप्प बसली. हा प्रश्न खोटा नाही. तिच्या मैत्रिणीला मोठ्या तपासण्यांसाठी गोव्याला बांबोळीला न्यावं लागलं होतं, हे तिनेच सांगितलं होतं. गावाबद्दल लिहिताना आपण काजू आणि आंब्याबद्दल लिहितो. वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र आहे, तिथे तयार झालेल्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या काजूच्या जाती देशभर लावल्या जातात, रत्ना आंबा तिथलाच. कचऱ्याच्या बाबतीत नगरपालिकेने नाव काढलंय, रस्ते आमच्यापेक्षा स्वच्छ आहेत. हे सगळं खरं आहे. पण एक्क्याऐंशी वर्षांची बाई रात्री न्हाणीघरात पडली तर काजूच्या जाती तिला उचलायला येत नाहीत. पप्पा चुकीचे आहेत असं मला अजूनही वाटत नाही.

शेवटी मी पप्पांना फोन केला. ते आधी माझ्यावर ओरडले, तुला आणायला पाठवलं की गप्पा मारायला? मग मी त्यांना चुलीपुढची गोष्ट सांगितली. त्यांना ती माहीत नव्हती. आजोबांनाही माहीत नसावी. पप्पा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, न्हाणीघरात धरायला दांडा लावून घेता येईल का बघ.

दांडा लावून घेतला. गवंडी दोन दिवस ‘उद्या येतो’ म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी आला. खडबडीत लाद्या बसवल्या. शेजारच्या वहिनींची मुलगी रात्री झोपायला येईल असं ठरलं, ती बारावीला आहे, अक्काआजी तिला गणित शिकवणार. मोठ्या आकड्यांचा फोन घेतला, त्यात पहिला नंबर वहिनींचा, दुसरा आमचा. मला पहिला आमचा हवा होता, पण अक्काआजी म्हणाली, बडोद्याहून तू कधी पोचणार? २०२७ नंतर काय, हे कुणीच बोललं नाही. वहिनींची मुलगीही बारावीनंतर कुठेतरी जाणारच आहे. मुंबई किंवा पुणे, अजून ठरलं नाही म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी एक तिकीट रद्द केलं. एसटी स्टँडवर अक्काआजी सोडायला आली होती. काजूगर, कोकमं आणि कुळथाचं पीठ अशी पिशवी दिली. मी पाया पडले तर म्हणाली, बडोद्यात मोजायला आले की नीट सांग, मातृभाषा मराठी. समारते-बिमारते सांगू नको.

गाडीत तिचा लोअर बर्थ कुडाळहूनच चढलेल्या एका मुलाला मिळाला होता. मालवणकडचा होता. अंकलेश्वरला केमिकल कंपनीत लागलाय, पहिल्यांदाच चाललोय म्हणाला. वसईला गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवरून बदलायची ते त्याने मला विचारलं, मी सांगितलं. मग डबा उघडून घावणे पुढे केले आणि विचारलं, “तुमी खंयची?”

मी म्हटलं, वेंगुर्ल्याची.

“वेंगुर्ल्यात खंय?”

“दाभोसवाडा,” मी म्हटलं.